चौथं रीळ शेवटी

कडेगाव, सोमवार, २ जानेवारी १९७८

नवीन वही, नवीन काम. फौजेत आमचे सुभेदार साहेब म्हणायचे, जो रोजचं रोज लिहितो त्याला खोटं बोलायला जागा उरत नाही. मी फौजेतली सोळा वर्षं आणि पेन्शनीतली तीन वर्षं लिहीत आलो आहे. तेव्हा माझ्या वहीत खोटं नाही, हे पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो.

काम असं. लालासाहेबांची टुरिंग टॉकीज कडेगावात लागली आहे. त्यांनी या वेळी सांगलीहून चिनी मारामारीचा सिनेमा आणला, बोलणं सगळं इंग्रजीत. सांगलीत तो महिनाभर चालला, कारण तिथल्या लोकांना न कळता बघायची सवय आहे. आमच्याकडचा माणूस तसा नाही. पडद्यावर कोणी तोंड उघडलं की तो विचारणार, काय म्हणतोय रं त्यो? पहिल्या दोन खेळांत लोकांनी ऑपरेटर केरूला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. म्हणून लालासाहेबांना भोंग्यावर मराठीत सांगणारा माणूस हवा होता, आणि पंचक्रोशीत इंग्रजी येणारा रिकामा माणूस मीच.

इंग्रजी मला चांगलं येतं. फौजेत मी स्टोअरला होतो. ब्लँकेट, बकल, इश्यू, रिटर्न, कंडेम, सगळं इंग्रजीतच चालायचं. शिवाय मारामारीचे चिनी सिनेमे मी पुणे आणि सांगली मिळून सात पाहिले आहेत. त्यातला पाणक्या कावडीने बारा जणांना लोळवतो तो मला सर्वांत आवडला. एक दोन भावांचा होता, त्यात नुसती बोंबाबोंब. पण आजच्या सिनेमाची सर कोणालाच नाही. लालासाहेबांनी पाटीवर 'डोंगरमठाचा सूड' असं नाव रंगवलं आहे. नटांची नावं सुरुवातीला पडद्यावर येतात, पण ती मी वाचेपर्यंत निघून जातात. हिरोला सगळे 'चांग' अशी हाक मारतात, एवढं नक्की.

गोष्ट सोपी आहे. डोंगरावर मठ. तिथे टक्कल पडलेला म्हातारा गुरू, आणि त्याचा लाडका चेला चांग. चांग भिंत ओलांडून शहरात जातो. मागे काळ्या सदऱ्याचा दुष्ट मठावर चालून येतो आणि गुरूला मारतो. चांग परत येऊन सूड घेतो. मी ती तालमीच्या भाषेत सांगितली. चांगने लाथ मारली की ढाक, उलटा फेकला की धोबीपछाड. लोक एकदम खूश. लालासाहेबांनी खेळ संपल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली.

चांगचा नट चपळ आहे, प्रश्नच नाही. पण खरा नट तो म्हातारा. एकदाही आवाज चढवत नाही, हात मागे बांधून उभा राहतो आणि सगळा पडदा त्याचा होतो. मी सात सिनेमे पाहिले, पण असा वस्ताद दुसऱ्या कोणाला जमलेला नाही.

गुरुवार, ५ जानेवारी

आज पाचव्या रिळात थोडी गडबड झाली. चांग भिंतीवरून उडी मारून पळतो तिथे मी सांगितलं की त्याला लष्करातून बोलावणं आलं होतं, देशाचं काम होतं, म्हणून गुरूला सांगायला वेळ मिळाला नाही. समोरून एक जण ओरडला, "आवं, चित्रात तर त्यो भ्यालेला दिसतोय." मी म्हटलं, ते चिनी लोकांचे डोळे तसेच असतात. सगळा तंबू हसला आणि वेळ निभावली.

रीळ बदलायला चार-पाच मिनिटं लागतात. केरू एकाच मशीनवर बारा रिळं चालवतो. बोलतो कमी आणि बघतो जास्त. मशीनच्या दिव्याचा कार्बन पुसत त्याने मला विचारलं, "जोतीरामा, तू रोज त्या चांगची बाजू घेतोस. त्येनं तुला काय दिलंय?" मी म्हटलं, सांगणाऱ्याला गोष्ट समजावून द्यावी लागते. तो म्हणाला, बरं.

केरूला माहीत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. मी औंधच्या तालमीतला पैलवान. नाथाजी वस्तादांचा पठ्ठ्या. सात वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो. राहीबाई, म्हणजे वस्तादांच्या मंडळी, मला रोज तांब्याभर दूध द्यायच्या आणि पिऊन होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. एकोणसाठ साली पौषातल्या यात्रेच्या मैदानात वस्तादांनी माझी जोड लावली होती, जमखंडीकडच्या एका पैलवानाशी. नेमकी त्याच दिवशी साताऱ्यात फौजेची भरती निघाली. देशापुढे कुस्ती कसली. मी गेलो. वस्तादांना ते पटलं नसणार. त्यांचा स्वभाव जुना. त्यानंतर माझा आणि औंधचा संबंध राहिला नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही.

शुक्रवार, ६ जानेवारी

चांगने आज पहिली लाथ मारताच मागच्या रांगेतून "चांगभलं" असा पुकारा झाला. मग प्रत्येक लाथेला. सातव्या रिळात तर गुलालच उधळला. केरूने लेन्स पुसत शिव्या दिल्या.

सोमवार, ९ जानेवारी

आजचा दिवस माझा.

डब्यांवरचे आकडे पुसले गेले होते. केरूने तिसऱ्यानंतर थेट पाचवं रीळ लावलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. बारावं संपलं, काळा सदरा खाली पडला, चांग एकटा उभा. लोक उठायला लागले. इतक्यात केरूला कोपऱ्यात चौथा डबा दिसला. भरलेला डबा दाखवायचा राहिला तर लालासाहेब बोलतील म्हणून त्याने तो चढवला, आणि पडद्यावर गुरू जिवंत.

चौथं रीळ मला तोंडपाठ आहे. त्यात लढाई नाही. चांग लहान वयात मठात येतो. गुरू त्याच्या हातात कुदळ देतो आणि मठामागची जमीन खणायला लावतो. चांग खणतो, गुरू दगडावर बसून बघतो. मध्येच उठून त्याचा पाय काठीने सरळ करतो. शेवटी काहीतरी इंग्रजीत म्हणतो आणि हसतो. हे मला पहिल्या दिवसापासून आवडतं, कारण आमच्या तालमीतही हेच. नवा पोरगा आला की आधी काही दिवस त्याने कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायची. आणि जुना पैलवान जरी मध्ये मातीपासून लांब राहिला, तरी परत आल्यावर त्यालाही आधी फावडं. त्याशिवाय वस्ताद अंगाला माती लावू देत नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भोंगा उचलला आणि म्हणालो, मंडळी, गुरू मेला नव्हता. वस्ताद असा मरतो काय? तो चेल्याची वाट बघत होता. चेला सगळी दुनिया फिरून, सूड घेऊन दारात आला, तेव्हा गुरूने एक शब्द विचारला नाही. कुठे होतास विचारलं नाही. कुदळ दिली.

एका पोराने उठून विचारलं की चांग मग लहान कसा झाला, कपडे पण वेगळे आहेत. मी म्हटलं, "बाळा, माणूस केवढा बी होऊ दे, वस्तादाफुडं त्यो ल्हानच दिसतो."

हे मी कुठून काढलं देव जाणे. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. पुरुष उभे राहून टाळ्या वाजवत होते. लालासाहेब धावत मशीनपाशी आले आणि केरूला म्हणाले, आजपासून चौथं रीळ शेवटीच. सिनेमा बनवणाऱ्यांना जे सुचलं नाही ते मला सुचलं. उगाच नम्रपणा करण्यात अर्थ नाही, सिनेमा मी सुधारला.

गुरुवार, १२ जानेवारी

लालासाहेबांनी आज पुढचा मुक्काम सांगितला. पौषी पौर्णिमेच्या यात्रेसाठी औंध.

मी त्यांना म्हटलं, औंधचे लोक शिकलेले, संस्थानातले, त्यांना मराठीत सांगणारा लागणार नाही, तुम्ही केरूला घेऊन जा. लालासाहेब म्हणाले की यात्रेला खेड्यापाड्यांतून माणूस येतो आणि तो सिनेमाला नाही, जोतीरामला ऐकायला येतो. हे खरंच आहे.

जाणार. मी काही कोणाची चोरी केलेली नाही.

शनिवार, १४ जानेवारी. संक्रांत

घरी आलो. घर कडेगावपासून दोन कोसांवर. बायकोने, शालूबाईने, तिळगूळ केला होता. जेवताना औंधचं सांगितलं, तर ती वाढता वाढता थांबली. तिला सगळं माहीत आहे, म्हणजे मी जेवढं सांगितलं तेवढं. तिने एका फडक्यात तिळगुळाचे चार लाडू बांधले आणि माझ्या पिशवीत ठेवले. "वस्तादांस्नी द्या. रथसप्तमीपतुर चालतंय." मी म्हटलं, मी त्यांच्याकडे जाणार नाही. ती म्हणाली, "बरं, नगा जाऊ. पिशवीत असू द्या, काय वझं हाय?"

एकोणीस वर्षं झाली, आता काय. मी पुडकं काढून कोनाड्यात ठेवलं होतं. कडेगावला परतताना एसटीत पिशवी उघडली तर ते पिशवीतच.

औंध, गुरुवार, १९ जानेवारी

तंबू उभा राहिला. खांब, कनात, बायकांसाठी मधली दोरी, भोंगा, सगळं माझ्या नजरेखाली. स्टोअरमधली शिस्त अशा ठिकाणी उपयोगी पडते.

डोंगरावरच्या यमाईला खालूनच हात जोडले. पायऱ्या चढायला वेळ नव्हता. तालमीची गल्ली बाजाराच्या वाटेवर आहे, म्हणून मी बाजारात दुसऱ्या वाटेने गेलो. ती वाट लांबची आहे, पण चालणं तब्येतीला चांगलं.

शनिवार, २१ जानेवारी

लालासाहेबांनी आज जे केलं त्याला तोड नाही. उद्याच्या पहिल्या खेळाला त्यांनी तालमीला आमंत्रण दिलं. सगळे पैलवान पुढे सतरंजीवर, आणि नाथाजी वस्तादांना खुर्ची, हार आणि नारळ. त्यांना वाटलं, मारामारीचा सिनेमा, तर वस्तादाच्या हाताने सुरुवात व्हावी. मला आनंदाने सांगायला आले. मी म्हटलं, उत्तम.

नंतर मी मशीनच्या मागे जाऊन बसलो. अंगात कणकण वाटते आहे. केरूने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, ताप नाही. मग त्याने विचारलं, "भरतीचं बोलावणं खरंच आलं हुतं का रं?" मी त्याला भरतीचं कधी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, तू रोज भोंग्यावर सांगतोस की.

वहीत खोटं नाही असं पहिल्या पानावर लिहून बसलो आहे, तर लिहितो. भरती चार दिवसांनी होती. जोडीचा तो जमखंडीचा गडी मी आदल्या दिवशी मैदानाबाहेर पाहिला. त्याला मान अशी नव्हतीच, नुसता खांदा. सकाळी राहीबाईंनी दूध दिलं. मी ते प्यायलो, तांब्या घासून ठेवला आणि वाईची एसटी पकडली. वाईला मामाकडे. चार दिवस कृष्णेच्या घाटावर बसून राहिलो आणि मग साताऱ्याला जाऊन रांगेत उभा राहिलो. पुढे महिन्याने मामांचं पत्र आलं की जोड लागली होती, तालमीने शब्द दिलेला होता, म्हणून वस्ताद स्वतः सदरा काढून माझ्या जागी उतरले. वय तेव्हा शेहेचाळीस. हरले.

ते पत्र मी फाडून टाकलं होतं. उद्या त्यांच्यासमोर भोंगा हातात घ्यायचा आहे. केरूला सांगितलं, चौथं रीळ शेवटीच लाव, चुकू नको.

रविवार, २२ जानेवारी

खेळ झाला.

वस्ताद आले ते काठी टेकत, फेटा तसाच, पाठ तशीच सरळ. वाळले आहेत. हार घालून घेतला, नारळ फोडला आणि खुर्चीत बसले. मी पडद्याच्या डाव्या बाजूला भोंग्यामागे उभा होतो. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. ओळखलं की नाही ते कळलं नाही. मग त्यांनी नजर पडद्यावर लावली आणि शेवटपर्यंत काढली नाही.

तीन रिळं मी रोजच्यासारखी सांगितली. पाचवं लागलं, चांग भिंतीपाशी आला. मी लष्कराचं सांगायला तोंड उघडलं आणि ते बाहेरच पडेना. मी म्हणालो, मंडळी, चांग भ्याला. त्याला जोडीचा गडी दिसला आणि तो भ्याला. तो देशासाठी गेला नाही, कशासाठी गेला नाही. पळून गेला. गुरूच्या बायकोने सकाळी दूध दिलं होतं, ते पिऊन पळाला.

सिनेमात गुरूला बायको नाही. तंबूत कोणी विचारलं नाही.

पुढचं नीट आठवत नाही. सहाव्या रिळात काळा सदरा मठात शिरला, तेव्हा मी म्हटलं, ही लढाई चांगची होती, म्हातारा त्याच्या जागी उतरला. आठव्यात चांग शहरात खानावळीत बसून काहीतरी शेवयांसारखं खातो, बाकी काही नाही. त्यावर मी सांगत होतो की चांग मनात म्हणतोय, वस्ताद, मी चुकलो, मला एकदा दारात उभं राहू द्या. चांग बिचारा नुसता खात होता. लाथा चालल्या होत्या पण कोणी चांगभलं म्हटलं नाही. औंधची सगळी म्हातारी माणसं माना वळवून माझ्याकडे बघत होती. शेवटी चौथं रीळ लागलं, कुदळ आली, आणि माझा आवाज बसला. भोंग्यातून नुसती खरखर. ते रीळ लोकांनी न सांगताच पाहिलं.

दिवे लागले. वस्ताद उठले. मी दोन पावलं पुढे गेलो. ते काठी टेकत माझ्यासमोरून सरळ निघून गेले.

झालं. मी माझ्याकडून सगळं सांगितलं, सबंध गावासमोर सांगितलं. ज्याला ऐकून घ्यायचं नाही त्याला काय करणार. उद्या लालासाहेबांना सांगून घरी जातो.

सोमवार, २३ जानेवारी

सकाळी पिशवी भरत होतो तेव्हा केरू म्हणाला, बाहेर एक बाई आल्या आहेत. राहीबाई. केस पांढरे, बाकी तशाच. हातात पितळी तांब्या, वर झाकण.

त्यांनी तांब्या माझ्यापुढे केला. मी प्यायलो. पिऊन होईपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, काल बायकांच्या बाजूला त्या बसल्या होत्या, सगळं ऐकलं. मी म्हटलं, वस्तादांनीही ऐकलं, पण त्यांचा राग अजून गेला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला ठावं न्हाई व्हय रं? त्येंला ऐकू येत न्हाई."

त्या शांतपणे सांगत होत्या, जशी घरातली एखादी जुनी गोष्ट सांगावी. "तुझ्या जोडीच्या गड्यानं खडाखडीत कानाव पंजा हाणला. डावा कान तवाच गेला. उजवा हुता त्यो बी तीन वर्सं झाली बंद. काल आख्ख्या औंधानं तुझं ऐकलं, जोती. ज्येनं ऐकायचं त्यो नुसता चित्रं बघत हुता."

मी खाली बसलो. तो पंजा माझ्या कानासाठी होता. एकोणीस वर्षं मी दोन्ही कानांनी चांगला ऐकतो आहे. मी फौजेत गेलो, लग्न केलं, सात सिनेमे पाहिले, आणि काल त्याच कानाला भोंग्यातून माफी मागत होतो. मला रडू आलं, आणि केरूसमोर आलं. केरू मशीनकडे तोंड करून काहीतरी पुसत राहिला.

मी विचारलं, घरी गेल्यावर वस्ताद काय म्हणाले. राहीबाई म्हणाल्या, "म्हनले, सिनेमा बरा हाय. आन् म्हनले, आपला जोती त्या भोंग्याफुडं एवढा येळ काय बोलत हुता? तोंड हलत हुतं त्येचं. रडत हुता का? मी कानात वरडून म्हनलं, मला काय इचारता, त्येलाच इचारा."

आपला जोती, असं म्हणाले. मी त्यांना परत सांगायला लावलं. तांब्या घासून परत दिला. पिशवीतले कपडे काढून ठेवले.

मंगळवार, २४ जानेवारी. पौर्णिमा

सकाळी सहाला तालमीत गेलो. मारुतीला नमस्कार केला. आठ-दहा पोरं बैठका मारत होती. वस्ताद हौद्याच्या कडेला पाटावर बसले होते. मला बघून पोरं थांबली.

पाया पडलो. तिळगुळाचं फडकं पुढे केलं. त्यांनी एक लाडू घेतला, मोडून अर्धा तोंडात टाकला, अर्धा मला दिला. चावत राहिले. माझ्या पोटाकडे बघत होते, पोट सुटलं आहे.

रात्री मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. चार ओळी, नीट जुळवलेल्या. मी हळू आवाजात पहिली ओळ म्हटली. त्यांनी कानामागे हात नेला आणि विचारलं, "काय?" मी परत म्हटलं, थोडं मोठ्याने. त्यांनी मान हलवली, कळलं नाही. चार ओळींतल्या तीन तिथेच गळाल्या. इथे भोंगा नव्हता आणि ज्याच्या आड उभं राहावं असा चांगही नव्हता. मी त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो.

"वस्ताद, मी भ्यालो हुतो."

बैठका मारणारी पोरं, भिंतीपलीकडची गल्ली, रस्त्यावरून चाललेला दूधवाला, सगळ्यांनी ऐकलं असणार. वस्तादांनीही ऐकलं. त्यांनी उरलेला गूळ गिळला.

"त्ये मला तवाच ठावं हुतं," ते म्हणाले. "त्येला बघून माझी बी छाती धडधडत हुती. पर सांगून जायचं रं. मी दुसरी जोड लावली असती."

मग त्यांनी काठीने कोपऱ्यातलं फावडं दाखवलं.

मी सदरा काढला आणि हौद्यात उतरलो. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी नव्या पोरासारखी माती उकरायला लागलो. माती दबलेली होती, तिच्यात कालवलेल्या तेल-ताकाचा तोच वास. दहा मिनिटांत दम लागला. पोरं तोंड दाबून हसत होती. मी थांबलो नाही. अर्धा हौदा झाला तेव्हा वस्ताद उठले, काठी टेकत कडेला आले आणि काठीच्या टोकाने माझी टाच मागे ढकलली.

"पाय मागं घे. त्यो चिनी बी हितंच चुकत हुता. पर त्येच्या म्हाताऱ्याला कळत हुतं."

हौदा पुरा झाल्यावर त्यांनी मूठभर माती घेतली आणि माझ्या दोन्ही खांद्यांना लावली. उद्या पाचला ये म्हणाले, सहाला यायला मी काय पाव्हणा आहे काय.

संध्याकाळी तंबूत केरू डबे लावत होता. त्याने माझ्या हातांचे फोड बघितले. मी सांगितलं, आज चौथं रीळ चौथ्या जागी लाव. तो म्हणाला, मग गुरू मरंल की, आणि लालासाहेब आरडाओरडा करतील.

मी म्हटलं, मरू दे, सिनेमा हाय त्यो. लालासाहेबांचं मी बघतो. आज लवकर आटपू, मला उद्या पाचला माती उकरायची आहे.